फुटलेला कोअर अहवालात का नसतो?

महापालिकांच्या पॅनेलवरील सर्व स्ट्रक्चरल ऑडिटर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यासारखा इंजिनीअर नाही. डिप्लोमा झाल्यावर मटेरियल टेस्टिंगच्या एका लॅबमध्ये लागलो आणि ३१ वर्षं काँक्रीटचे क्यूब (साच्यात भरलेले ठोकळे) फोडले, कोअर (उभ्या इमारतीतून कापून काढलेले नळकांड्यासारखे नमुने) कापले, सळया ओढल्या. तुमच्या अहवालांच्या शेवटी टेस्ट रिपोर्टची जी पानं जोडलेली असतात आणि सोसायटीच्या सभेत जी कुणी उलटूनही बघत नाही, ती पानं माझ्यासारखी माणसं भरतात. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाचं बिल अडकायची भीती नाही. म्हणून हे पत्र.

एक प्रसंग सांगतो. ठाणे जिल्ह्यातली चार मजली इमारत, १९८१ च्या सुमाराची. ऑडिटरच्या ऑफिसातला तरुण मुलगा आणि आम्ही दोघं. पंपरूमला लागून असलेल्या कॉलमला मशीन बोल्टने आवळलं, पाणी सोडलं, बिट आत गेलं. राखाडी चिखल वाहायला लागला. चिखलाच्या रंगावरूनच थोडा अंदाज येतो, सवयीने. इथे तो जरा जास्तच मातकट होता. कोअर बाहेर काढला तर तीन तुकडे. मधला तुकडा अंगठ्याने चोळला की खडी सुटी होऊन हातात येत होती. आणि त्यात नखाएवढा एक शिंपला. खाडीची रेती कुठून आली हे सांगायला आणखी कुठल्या टेस्टची गरज नव्हती.

मुलगा म्हणाला, ‘‘हा खराब झाला. काका, दुसरीकडे मारा.’’

आम्ही दुसरीकडे मारला. स्टिल्टमधल्या (तळाच्या पार्किंगमधल्या) कोरड्या बाजूच्या तीन कॉलमांतून तीन चांगले कोअर मिळाले. टोकं कापली, गंधकाचं कॅपिंग केलं, प्रेसखाली ठेवले, आलेले आकडे नियमाप्रमाणे सव्वापट करून क्यूबच्या ताकदीत बदलले : १७.८, २२.१, १८.९. सरासरी १९.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. जुनी ड्रॉइंग्ज सापडली नव्हती म्हणून त्या काळच्या पद्धतीप्रमाणे काँक्रीट एम १५, म्हणजे १५ न्यूटनच्या ग्रेडचं, धरलं गेलं. पंधरापेक्षा साडेएकोणीस जास्त, म्हणजे ‘समाधानकारक’. तीन तुकडे झालेल्या पहिल्या कोअरचा अहवालात उल्लेख नव्हता. माझ्या पानावरही नव्हता. मी तोंड उघडलं नाही, आणि हे पत्र लिहिण्यामागचं निम्मं कारण तेच आहे.

आता कुणी म्हणेल की बिट हललं, मशीन नीट आवळलं गेलं नाही, तरी कोअर तुटतो. खरं आहे. चांगला कोअरही माझ्या हातून तुटलेला आहे. पण तो बिटने तुटला की काँक्रीटने, हे तुकडे बघून बहुतेक वेळा कळतं. आणि नाही कळलं तर ‘कळलं नाही’ असं लिहिता येतं. आपण लिहितो काय? काहीच नाही. ज्या जागेने सांगितलं की इथे काँक्रीट इतकं कच्चं आहे की नमुनासुद्धा निघत नाही, नेमकी तीच जागा हिशोबातून बाहेर. उरलेल्यांची सरासरी काढायची आणि ती पूर्ण इमारतीच्या नावावर लावायची.

शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपण सगळेच म्हणतो. पण ती परीक्षा चालते, कारण तांदूळ एकाच पोत्यातला, पाणी एकच, आंच एकच. इमारतीचं काँक्रीट असं एका पातेल्यात शिजलेलं नसतं. १९८१ साली सिमेंटवर नियंत्रण होतं, परमिटशिवाय गोणी मिळत नव्हती. ज्याच्याकडे गोण्या कमी, त्याने माल पातळ केला. काँक्रीट मिक्सरमधून किंवा पत्र्यावर फावड्याने कालवून घमेल्याने वर जायचं. सकाळी मुकादम उभा असताना पडलेला माल आणि संध्याकाळी सातला ‘आटपा रे’ म्हणत पाणी मारून ओतलेला माल एकाच स्लॅबमध्ये शेजारी शेजारी आहेत. कॉलमच्या तळाशी खडी बसलेली, डोक्याशी नुसतं दूध. संडासाच्या डक्टला लागून असलेला कॉलम ४० वर्षं ओलाच. तुम्ही कोणतं शीत उचललंत, यावर तुमचा भात ठरणार.

ही चढउतार काही फक्त जुन्या इमारतींचं दुखणं नाही. एकदाच कालवलेल्या मालातून, एकाच हाताने भरलेले तीन क्यूब २८ दिवसांनी फोडले तरी तिन्ही आकडे वेगळे येतात. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय कोड म्हणतं, प्रत्येक क्यूब तिघांच्या सरासरीच्या १५ टक्के वर-खाली असला तर चालेल, त्याहून फरक असेल तर तो नमुनाच बाद. म्हणजे सगळी काळजी घेऊनही १५ टक्क्यांची मुभा कोडने ठेवली आहे. आणि क्यूब म्हणजे कांदेपोह्याच्या कार्यक्रमाला बसलेला मुलगा. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. १५० मिलिमीटरचा ठोकळा साच्यात तीन थरांत ठोकून भरलेला, पाण्यात बुडवून जोपासलेला. प्रेसच्या काट्याने ४५० किलोन्यूटन दाखवले की २० चा आकडा आला. नीट फुटला तर मधे डमरूसारखा आकार उरतो. इतक्या लाडात वाढलेलं काँक्रीट जर १५ टक्के हलतं, तर डक्टमधल्या कॉलमचं काय?

कोड लिहिणाऱ्यांना हे पुरतं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी सरासरीवर विश्वास ठेवला नाही. एम २० म्हणजे सरासरी २० नव्हे. एम २० म्हणजे शंभर निकालांपैकी पाचापेक्षा जास्त निकाल २० च्या खाली जाऊ नयेत. हे साधायचं तर सरासरी वर ठेवावी लागते : २० मध्ये १.६५ गुणिले प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) मिळवायचं. एम २० साठी विचलन ४ धरलं तर २६.६. एम १५ साठी विचलन साडेतीन, सरासरी २०.८. तुम्ही हे कॉलेजात शिकलात, मी बाकावर बसून ऐकलं. मग अहवाल लिहिताना सरासरी १९.६ ची तुलना थेट १५ शी कशी काय होते? ती २०.८ शी व्हायला हवी. त्या इमारतीचे निवडून काढलेले ‘चांगले’ कोअरसुद्धा, एम १५ ची असायला हवी होती त्या सरासरीच्या खालीच होते. तेही २८ दिवसांनी नव्हे, काँक्रीट वयाने थोडं मुरल्यावर. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ‘१५ पेक्षा जास्त’ हे वाक्य वाचायला सोपं.

आयएस ४५६ मधल्या कोअरच्या कलमाचा आधार दिला जातो, तेही माहीत आहे. कमीत कमी तीन कोअर. सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के, एकही ७५ टक्क्यांखाली नको. ते कलम नव्या कामात एखाद्या दिवशीच्या ओतकामाबद्दल वाद झाला तर तो मिटवण्यासाठी आहे. कुठलं काँक्रीट तपासायचं हे तिथे आधीच ठरलेलं असतं. चाळीशी ओलांडलेल्या इमारतीची भाकरी त्या तव्यावर भाजू नका.

तीन नमुन्यांची किंमत किती, याचा हिशोब युरोपच्या कोडमध्ये, ईएन १९९० च्या परिशिष्ट ‘डी’मध्ये, चक्क तक्ता करून दिलेला आहे. समजा कोअर आले १८, २२ आणि २६. सरासरी २२, विचलन ४. असे अगणित कोअर काढता आले असते तर शंभरात पाचच ज्याच्या खाली जातील तो आकडा साधारण साडेपंधरा निघाला असता. पण तीनच कोअर आहेत आणि विचलनही त्याच तिघांवरून काढलंय, म्हणून तक्ता सांगतो की विचलनाला, म्हणजे ४ ला, ३.३७ ने गुणा आणि सरासरीतून वजा करा. २२ वजा १३.५, राहिले साडेआठ. दहा कोअर असते आणि सरासरी-विचलन हेच आलं असतं तर गुणक १.९२, आकडा १४.३. काँक्रीट तेच, कॉलम तेच. साडेआठ आणि १४.३ मधला फरक म्हणजे आपल्या अज्ञानाची किंमत. सात भोकं वाचवली, त्याचे हे पैसे.

इथेच अनुभवाची जागा आहे, असं मला वाटतं. त्याच तक्त्यात दुसरी ओळ आहे : विचलन आधीपासून भरवशाने माहीत असेल तर तीन नमुन्यांनाही गुणक १.८९ चालतो, आणि आकडा साडेचौदाच्या जवळ जातो. म्हणजे एखाद्या ऑडिटरने त्याच गावात, त्याच काळातल्या, त्याच रेतीच्या पन्नास इमारती बघितल्या असतील, त्याच्याकडे तेवढी नोंद असेल, तर तिला गणितात मान आहे. फक्त नोंद हवी. ‘माझा तीस वर्षांचा अनुभव सांगतो’ एवढ्याने तक्त्याची ओळ बदलत नाही.

सरासरी किती फसवते याचं एक उदाहरण मी सोसायट्यांच्या सभांमध्ये फळ्यावर लिहून दाखवत असे. दोन कॉलम आहेत. दोन्हींवर भार सरासरी ६० टन, त्यात ६ टनांची चढउतार. पहिल्या कॉलमची ताकद सरासरी १०० टन, विचलन १०. दुसऱ्याची ताकद सरासरी ११० टन, पण विचलन २५, कारण सगळाच माल बेभरवशाचा. विचारलं की कोणत्या कॉलमखाली गाडी लावाल, की बहुतेक हात दुसऱ्यासाठी वर व्हायचे. आता हिशोब : ताकद वजा भार, भागिले दोन्ही विचलनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. पहिल्याचं उत्तर ३.४, दुसऱ्याचं १.९. या आकड्याला विश्वासार्हता निर्देशांक म्हणतात. अमेरिकन इंजिनीअर कॉर्नेल यांनी १९६९ मध्ये मांडलेला हा सोपा प्रकार. ३.४ म्हणजे दहा हजारांत तीन वेळा दगा. १.९ म्हणजे हजारात २६ वेळा. सरासरीने तगडा असलेला कॉलम ऐंशीपट जास्त धोक्याचा. (खरे वितरण इतके सरळ नसतात, हे मला सांगू नका, फळा लहान होता.)

आता हॅमरबद्दल, म्हणजे काँक्रीटवर आपटून किती उसळतो त्यावरून ताकदीचा अंदाज देणाऱ्या हातोड्याबद्दल. तुमचं सगळ्यात लाडकं हत्यार, कारण भोक पडत नाही, रहिवासी ओरडत नाहीत, एका दिवसात ६० जागा होतात आणि अहवाल जाड दिसतो. आयएस १३३११ या, काँक्रीट न फोडता तपासण्याच्या कोडच्या दुसऱ्या भागात स्वच्छ लिहिलं होतं की त्यावरून काढलेल्या ताकदीची अचूकता २५ टक्के वर-खाली. पण मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे. हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा वरचा थर बदलतो आणि जास्त कडक होतो. हॅमर उसळून वरचा आकडा देतो. त्याच बदलामुळे काँक्रीटचा अल्कधर्मीपणा (आम्लाच्या उलट गुण) जातो आणि आतल्या सळईचं संरक्षण संपतं. ताज्या कोअरवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन शिंपडा : जिथे गुलाबी होईल तिथे सळई अजून सुरक्षित, जिथे रंग येणार नाही तिथे नाही. म्हणजे जी गोष्ट सळईला गंजवते, तीच हॅमरला खूश करते. अशा आकड्यासमोर दशांश चिन्हानंतर दोन स्थळं लिहिलेली मी वाचली आहेत. २४.३७! जिथे पहिला आकडाच डळमळतोय तिथे शेवटचा ७ कुठून आणला?

सळईचं पुन्हा वेगळंच. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडून, गंज खरवडून कॅलिपर लावला की १६ ची सळई १३ भरते. तीन मिलिमीटरच तर गेले, असं वाटतं. क्षेत्रफळ काढा : एक तृतीयांश गेलं. आणि हे मापही आपण फोडलं त्याच जागेचं. खाडीच्या रेतीतल्या मिठातून येणाऱ्या क्लोराइडमुळे गंज सळईला खड्डे पाडत जातो. एक वीत बाजूला ती आठ असेल किंवा पूर्ण सोळा असेल. तो शिंपला आठवा.

अल्ट्रासॉनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजतात. तिच्याबद्दल एवढंच, की १९९२ च्या कोडने ३ किलोमीटर प्रति सेकंदाच्या खालच्या वेगाला ‘वाईट’ म्हटलेलं नव्हतं, ‘शंकास्पद’ म्हटलं होतं, आणि पुढे आणखी चाचण्या लागतील असंही सुचवलं होतं. शंका या शब्दाला कोडमध्ये जागा होती. आपल्या अहवालांत ती उरली नाही.

मी हे सगळं लोकांना घाबरवायला लिहीत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पुनर्विकासाची घाई असली की त्याच इमारतीतून वाईट कोअर शोधून काढणारेही आहेत. डक्टमधलेच तीन कॉलम घ्यायचे, सरासरी ९ दाखवायची आणि सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी. भाडेकरू दुसरा ऑडिटर आणतात, तो कोरड्या बाजूने २१ दाखवतो आणि दुरुस्तीची शिफारस करतो. मग प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं आणि दोन्ही बाजू एकमेकांना विकाऊ म्हणतात. गंमत अशी की ९ खोटा नाही आणि २१ही खोटा नाही. दोन्ही त्याच इमारतीतले. दोघांनीही आपले नमुने कुठून घेतले, किती घेतले, किती फुटले आणि कुठे पोचताच आलं नाही एवढं लिहिलं असतं, तर समितीचं निम्मं काम आधीच झालं असतं. आज समितीपुढे दोन आकडे येतात आणि आकड्यांना तोंड नसतं.

१४ मार्च २०१९ ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पादचारी पूल कोसळला. त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि त्यात किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. त्यानंतर ऑडिटवाल्यांना अटकेची भीती बसली, हे मला तुमच्याच तोंडून कळलं. त्या भीतीने अहवाल जास्त खरे झाले नाहीत, जास्त गुळमुळीत झाले. पहिल्या पानावर ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘तपासणी दृश्य स्वरूपाची असून जबाबदारी स्वीकारली जाणार नाही’. मधली सगळी अनिश्चितता गिळून टाकायची आणि शेवटी एका वाक्यात हात झटकायचे. त्यापेक्षा मधे लिहा ना! ‘बारा कॉलमांपैकी पाच तपासले, तीन बंद घरांत होते, एकात कोअर फुटला’ हे वाक्य तुम्हाला कोर्टात त्या बारीक अक्षरांपेक्षा जास्त वाचवेल, असं मला वाटतं. मी वकील नाही.

वयाचंही तसंच. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्यापुढे तीन वर्षांतून एकदा. ठीक आहे, कुठेतरी रेघ मारावी लागते. पण २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन कोसळली आणि १६ माणसं गेली, ती इमारत पंधरा वर्षांचीही नव्हती. आपल्याला काँक्रीटबद्दल किती माहीत आहे, ते वयावरून कळत नाही.

तुमच्या अडचणी मी जवळून बघितल्या आहेत. कमिटी तीन कोटेशनं मागवते आणि सगळ्यात खालचं घेते. तेवढ्या पैशांत दहा कोअर बसत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी नवीन टाइल्सच्या संडासात हातोडी लावू देत नाहीत. ज्याने पीओपीचं सीलिंग केलंय तो चार दिवस ‘गावाला’ असतो. सगळं कबूल. म्हणूनच मी तुमच्याकडे जास्त कोअर मागत नाहीये. एक पान मागतोय. त्यावर इमारतीचा साधा नकाशा, कोअर कुठे घेतले त्या जागी टिंब, कुठे फुटले तिथे फुली, कुठे जाताच आलं नाही तिथे रिकामा चौकोन. खाली प्रत्येक कोअरचा सुटा आकडा, नुसती सरासरी नको. फुटलेल्यांचा फोटो. हॅमरचा आकडा असेल तर त्यासमोर ‘२५ टक्के वर-खाली’. आणि शेवटी तुमच्या अक्षरात दोन ओळी : या इमारतीबद्दल मला काय माहीत नाही, आणि ते कळायला आणखी काय करावं लागेल. एवढं पान कमिटीपुढे ठेवलंत तर ‘आणखी चार कोअर घ्या, आम्ही पैसे देतो’ असं म्हणणारा एखादा सभासद सभेत उभा राहतो. मी तसे बघितलेत. समोर नुसता १९.६ असेल तर कशासाठी उभा राहील तो?

लॅबवाल्या माझ्या मित्रांनाही एक विनंती यातच करतो. रजिस्टरमध्ये फुटलेल्या कोअरला नंबर द्या. पार्टी नको म्हणाली तरी द्या. मी दिला नव्हता.

आमच्या स्वतःच्या इमारतीचं ऑडिट पुढच्या महिन्यात आहे. वय ३४. तुमच्यापैकीच कुणीतरी येणार. सेक्रेटरींना सांगून ठेवलंय की ‘बी’ विंगच्या मागच्या डक्टमधला कॉलम यादीत आधी घ्या; पावसाळ्यात तिथे प्लास्टर फुगतं आणि गंजाचा ओघळ पहिल्या मजल्यापर्यंत येतो. डक्टच्या दाराला कुलूप असतं. येण्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरींना निरोप द्या, चावी माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त लॅबवाला
डोंबिवली